नव्या रबर स्टॅम्पचा ठसा मध्येच कोरा राहत असेल तर

संक्रांतीच्या तिळगूळ पाकिटांवर वेलबुट्टी छापताना कडा गडद, मधला भाग कोरा. शाई रबरावर पसरायचीच नाही, थेंब गोळा व्हायचे. पॅडला शाई पाजली, जोर लावला, कागद बदलला; फुकट. इकडे सोलापुरात गड्ड्याची यात्रा तोंडावर, जीव मेटाकुटीला आला.

कारण, नव्या रबरावर साच्याचा तेलकट थर राहिलेला असतो.

आधी कोमट पाणी, भांड्याच्या साबणाचा एक थेंब आणि मऊ टूथब्रश. पूर्ण वाळू द्या. मग खोडरबराने (पांढरंच घ्या) चकाकी जाईपर्यंत हलकं घासा, भुगा पुसा. स्टॅम्प उलटा धरून त्यावर पॅड टपटप टेकवा. पाकिटाखाली वर्तमानपत्राची जाड घडी ठेवा. सरळ दाबा, सरळच उचला. डोलवलं की कड फराटते. आता पानांच्या शिरासुद्धा उमटतात.