कौलं उतरवायच्या आधी भावकीला बसवा

कोकणातलं बंद घर एका पावसात पडत नाही. माकडाने सरकवलेल्या एका कौलाच्या फटीतून चार पावसाळे पाणी ठिबकतं, वासा कुजतो, ओल भिंतीत उतरते आणि मग माती बसते. म्हणून दुरुस्ती वरून खाली करायची. लाद्या, रंग, नवं बाथरूम हे सगळं नंतर.

पण त्याच्याही आधी कागद. ग्रामपंचायतीतून घरपट्टीचा उतारा काढा आणि त्यावर नावं कोणाकोणाची आहेत ते बघा. घर सामाईक असेल तर आत्या आणि लग्न झालेल्या बहिणींनाही विचारा. २००५ च्या कायदादुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना मुलांइतकाच हक्क आहे. गणपतीत सगळे जमतात तेव्हा विषय काढा. जेवणं झाल्यावर, पत्ते मांडायच्या आधी. कोण किती पैसे घालणार आणि त्यामुळे कोणाचा हिस्सा वाढणार नाही, हे एका वहीत लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. इथे कंटाळा केलात तर अर्ध्यात काम थांबतं, तेही छप्पर उघडं असताना.

त्याच मुक्कामात जोराची सर आली की घरभर हिंडा आणि गळेल तिथे खडूने खूण करा. उन्हाळ्यात कितीही निरखलंत तरी ही जागा सापडत नाही. वासा भिंतीवर टेकतो तिथे स्क्रूड्रायव्हर टोचून बघा. सहज आत गेला तर तो वासा बदलायचा. मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर वाळवी आहे. किती वासे काढायचे, आढ्याला टेकू कुठे द्यायचा हे मात्र सुतारालाच ठरवू द्या. इंजिनिअर मेव्हण्याला नको.

काम शिमगा झाल्यावर काढा. मे महिन्यात चाकरमानी आले की हात भरपूर मिळतात, पण वळीवही येतो. तेव्हा एका वेळी एकच बाजू उघडा, ताडपत्री हाताशी ठेवा आणि मिरगाच्या पंधरा दिवस आधी छप्पर बंद झालंच पाहिजे असा हिशेब धरा.

कौलं उतरवायचा दिवस म्हणजे घरातलं कार्यच. वर फक्त सुतार आणि सवयीचा एक गडी, पाय वाशावर, रिपेवर (कौलं टेकतात त्या बारीक आडव्या पट्टीवर) कधीच नाही. खाली बाकीच्यांनी रांग लावायची. मंगळुरी कौल दोन-अडीच किलोचं असतं, ते हातोहात द्यायचं, झेलायचं नाही. पोरांना निवडायचं काम द्या. बोटाच्या पेराने वाजवलं की खणखणीत आवाज येतो ते चांगलं, बद्द वाजलं तर तडा आहे. शेवाळ ब्रशने झाडा. एका ब्रासला, म्हणजे शंभर चौरस फुटांना, साधारण दीडशे कौलं लागतात, त्यावरून तूट काढा. नवीन विकत घेण्याआधी जुन्या कौलाच्या पोटावरचा कारखान्याचा शिक्का बघा. वेगळ्या कारखान्याच्या कौलाची खाच बहुतेकदा नीट बसत नाही आणि पाणी तिथूनच शिरतं. आसपास कोणी जुनं घर पाडत असेल तर त्याच शिक्क्याची कौलं मिळतात का विचारा. परत चढवताना पागोळीकडून आढ्याकडे जायचं.

आणि हो, त्या दिवशी जेवण बाहेरून सांगा. नाहीतर घरातल्या बायका दिवसभर चुलीपाशी आणि फोटोत फक्त पुरुष.

मातीत बांधलेल्या चिऱ्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करू नका. आमच्या मागच्या पडवीला ‘एकदाच पक्कं करू’ म्हणून केला; आतली ओल बाहेर पडेना, दोन पावसाळ्यांत पापुद्रे धरून सगळा खाली आला. तिथे चुनाच हवा. कळीचा चुना विरवताना तो पाण्यात घालायचा, चुन्यावर पाणी ओतायचं नाही. उकळी फुटते, अंगावर उडतं, म्हणून हातमोजे, चष्मा हवा आणि पोरं लांब. निदान आठवडाभर भिजू द्या, मग एकाला तीन वाळू. जुनी वायरिंग परवानाधारक वायरमनकडूनच बदलून घ्या.

जमीन चोपणं आणि सारवणं सर्वांत शेवटी. यात शेजारच्या काकूंचं ऐका, त्यांच्या हाताला शेण आणि मातीचं प्रमाण माहीत असतं.

पहिल्या पावसात कोणीतरी एकाने बॅटरी आणि बादली घेऊन तिथे राहायला जावं. उरलेली पन्नास-साठ कौलं गोठ्यात उभी रचून ठेवा. माकडं परत येणारच आहेत.