ऑक्सिजन कोण काढतंय, उत्प्रेरक की बाटलीतलं लोखंड? या चुका टाळा

विजेने पाणी फोडून ऑक्सिजन काढणारा उत्प्रेरक तपासायचा होता. निकेल फोमवर (निकेलच्या सच्छिद्र पत्र्यावर) कोबाल्टचा थर चढवला, व्होल्टेज वर-खाली करत 50 आवर्तनं फिरवली आणि दर फेरीला आलेख सुधारत गेला. पोरं खूश, पेपरचा मसुदाही तयार. मग कुणीतरी थर नसलेला कोरा फोम त्याच 1 मोलार केओएचमध्ये (पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या अल्कली द्रावणात) बुडवतो आणि तोही तसाच सुधारतो! फोमवरचं निकेल हायड्रॉक्साइड द्रावणातलं लोखंड ओढून घेतं, आणि आलेख सुधारायला ते पीपीएमभर (दहा लाखांत एक भाग) असलं तरी पुष्कळ झालं. कोऱ्या फोमवर निकेलच्या ऑक्सिडेशनचं शिखर जास्त व्होल्टेजकडे सरकायला लागलं की लोखंड शिरलंय असं समजावं. गोव्यातल्या डिचोली-सांग्याच्या लोहखाणींच्या लाल धुळीला बोल लावू नका. लोखंड बहुधा केओएचच्या गोळ्यांतच असतं, काचेच्या बीकरमधूनही उतरतं.

केओएचमधलं लोखंड काढायचा उपाय कंटाळवाणा आहे, म्हणूनच टाळला जातो. अतिशुद्ध निकेल नायट्रेटपासून पॉलीप्रॉपिलीनच्या नळीत हायड्रॉक्साइडचा साका पाडा, धुवा, त्यात केओएच घालून दहा मिनिटं हलवा, किमान तीन तास ठेवा, सेंट्रिफ्यूज करून वरचं निथळ द्रावण घ्या. कोऱ्या फोमची चाचणी मात्र रोज, आधी. ज्यांना तेवढाही धीर नाही त्यांनी ‘लोखंडविरहित’ हा शब्द लिहू नये.

केओएचच्या गोळ्या साधारण 85 टक्के शुद्ध असतात. 1 मोलार द्रावणासाठी लिटरला 56 नव्हे, 66 ग्रॅम घ्या. गोव्याच्या पावसाळ्यात डबा उघडा राहिला की त्यांना पाणी सुटतं, हवेतला कार्बन डायऑक्साइडही त्या ओढतात. मग टायट्रेशनने (माहीत असलेल्या आम्लाशी मोजून) तपासल्याशिवाय द्रावण 1 मोलार धरू नका.

हायड्रोजन काढणाऱ्या उत्प्रेरकाच्या चाचणीत समोरचा इलेक्ट्रोड म्हणून प्लॅटिनमची तार लावणं ही दुसरी खोड. तार विरघळते, कॅथोडवर, म्हणजे तपासायच्या उत्प्रेरकावर, जाऊन बसते आणि स्वस्त उत्प्रेरक हजार आवर्तनांत ‘आपोआप’ सुधारतो. ग्रॅफाइटची कांडी लावा.

व्होल्टेज ज्याच्या तुलनेत मोजतात तो संदर्भ इलेक्ट्रोड मर्क्युरी ऑक्साइडचा घ्या. सिल्व्हर क्लोराइडचा अल्कलीत दिवसागणिक सरकतो.

इलेक्ट्रोड धरणारी क्लिप द्रावणाबाहेर ठेवा.

दर चौरस सेंटिमीटरला 10 मिलीअँपिअर मिळवायला लागणारं अधिव्होल्टेज (सैद्धांतिक गरजेपेक्षा जास्तीचं व्होल्टेज) पुढच्या, म्हणजे व्होल्टेज चढवतानाच्या, स्कॅनवरून वाचू नका. निकेलचं स्वतःचं शिखर तिथेच येतं, आणि त्याचा करंट ऑक्सिजनच्या खात्यावर जातो. उलटा स्कॅन घ्या, नाहीतर करंट स्थिर ठेवून मोजा.

आणि समुद्र दाराशी आहे म्हणून मिरामारच्या किनाऱ्याचं पाणी सेलमध्ये ओतू नका. अल्कलीतसुद्धा अधिव्होल्टेज सुमारे 480 मिलीव्होल्टच्या पुढे गेलं की क्लोराइडपासून हायपोक्लोराइट बनायला वाव मिळतो. आधी स्वच्छ केओएचमध्ये आकडा बसवा, मग मीठ घाला, तेही तोलून.