मऊ मॅश्ड पोटॅटो आणि वर काकवीच्या रंगाचा कांदा

साताऱ्यात जुलैचा पाऊस एकदा लागला की आठ आठ दिवस ऊन नाही, कपडे वाळत नाहीत आणि जेवायला काहीतरी गरम मऊच हवं असतं. अशा दिवसात मी मॅश्ड पोटॅटो करते. सुक्क्या चिकनबरोबर मस्त लागतोच, पण साध्या भाकरी आणि पालेभाजीच्या ताटातसुद्धा तोंडी लावायला वाटीभर असला की पोरं एक भाकरी जास्त खातात.

४-५ जणांना १ किलो बटाटे, ४ मोठे कांदे म्हणजे साधारण अर्धा किलो, ५०-६० ग्रॅम लोणी, १ चमचा तेल, १ कप दूध, मीठ आणि मिरपूड एवढंच लागतं.

पहिला कांदा चढवा, बटाटा नंतर. कांद्याला पाऊण तास लागतो आणि त्यात घाई चालतच नाही. लोणंदच्या बाजारामुळे आपल्याकडे कांद्याला तोटा नाही, फक्त हळवा, म्हणजे खरिपाचा, लाल कांदा असेल तर पाणी जास्त सुटतं म्हणून वेळ अजून लागतो, कांदाचाळीत साठवलेला उन्हाळी कांदा यासाठी बरा. उभा चिरा, फार बारीक नको, नाहीतर करपतो. जाड बुडाच्या कढईत १ चमचा तेल आणि थोडं लोणी घाला (नुसतं लोणी लवकर जळतं), कांदा टाका, चिमूटभर मीठ टाका म्हणजे पाणी सुटेल आणि गॅस एकदम बारीक करा.

आता पहिली १५ मिनिटं तो नुसता मऊ पडतो, काहीच होत नाही असं वाटतं आणि इथेच सगळे गॅस मोठा करतात, तसं करू नका. मोठ्या गॅसवर कडा काळ्या होतात, आत कच्चा राहतो आणि कडू लागतो. दर ३-४ मिनिटांनी उलथन्याने हलवा, बुडाला तांबूस चिकटलं की १ चमचा पाणी शिंपडून ते खरवडून कांद्यातच मिसळा, सगळी चव त्या खरवडीत आहे. साखर अजिबात घालू नका, कांद्यात स्वतःची साखर भरपूर असते, पाणी उडून गेलं की तीच तांबूस होत जाते. आधी पिवळट, मग गुळासारखा, मग काकवीसारखा रंग आला की बंद. कढईभर कांद्याचा वाटीभर होतो, दचकू नका. आणि हा बिर्याणीवरचा कुरकुरीत तळलेला कांदा नव्हे, हा मऊ चिकटसरच हवा.

कांदा अर्ध्यावर आला की बटाटे सोलून मोठ्या फोडी करा आणि गार पाण्यातच मीठ घालून उकळायला ठेवा. उकळत्या पाण्यात टाकले की बाहेरून फुटतात आणि मध्ये टणक राहतात. २० मिनिटांत सुरी सहज गेली पाहिजे. कुकरच लावायचा असेल तर सालासकट अख्खे लावा, सोललेल्या फोडी पाणी पितात.

पाणी पूर्ण निथळून तेच पातेलं परत बारीक गॅसवर २ मिनिटं ठेवा, वाफ निघून बटाटा कोरडा दिसायला लागतो. मग गरम असतानाच पावभाजीच्या मॅशरने मोडा. मिक्सरला लावू नका, मी एकदा लावला होता आणि पोस्टर चिकटवायची खळ असते तसं झालं, कारण पात्यांनी बटाट्यातला स्टार्च सगळा बाहेर येतो आणि मग तो ताणायला लागतो, तो परत सुधारत नाही.

आधी लोणी घाला, ते जिरलं की गरम दूध थोडं थोडं. गार दुधाने बटाटा गार पडतो आणि नीट एकजीव होत नाही. पुसेगावकडचा नवा बटाटा पाणीदार असतो, त्याला अर्धा कपच पुरतं, जुन्या बटाट्याला पूर्ण लागतं. विकतचं बटर वापरलं तर मीठ चाखूनच घाला.

अर्धा कांदा आत हलक्या हाताने मिसळा, अर्धा वर पसरा, मिरपूड घाला आणि लगेच वाढा, थांबला की घट्ट होतो. घट्ट झालाच तर २ चमचे गरम दूध. उरला तर दुसऱ्या दिवशी त्यात ज्वारीचं पीठ, हिरवी मिरची, कोथिंबीर घालून थालीपीठं लावा, दूध घालायचं नाही, बटाट्याच्या ओलीवरच पीठ मळलं जातं.