आपल्या भागाचं शहर कसं झालं ते स्वतः शोधायचं कसं

शहर एवढं का वाढलं असं कुणालाही विचारा, उत्तर ठरलेलं असतं, बाहेरून लोंढे आले. हे थोडंफार खरं आहे, पण यात बाकीच्या गोष्टी झाकल्या जातात आणि दोष आयता कुणाच्या तरी माथी मारला जातो, म्हणून मला ते अजिबात पटत नाही. शहरात बाहेरून माणसं येतात, तशी आधीच राहणाऱ्यांना पोरंबाळं होतात (आपल्या देशात शहरांच्या वाढीत याचा वाटा कायम मोठा राहिलाय), आणि शिवाय शहराची हद्द सरकत गावावर येते नाहीतर गाव बसल्या जागी शहर होऊन जातं. जगभर हेच चाललंय, १९५० साली जगातली साधारण ३० टक्के माणसं शहरात होती, २००७ च्या आसपास निम्म्याच्या वर गेली आणि २०५० पर्यंत ६८ टक्के होतील असा युनायटेड नेशन्सचा २०१८ चा अंदाज आहे. पण जगाचा आकडा पाठ करून आपल्या गल्लीत नळाला पाणी का नाही ते कळत नाही. ते शोधायची पद्धत खाली लिहितोय, उदाहरणं पुण्याची घेतलीत कारण तीच मला नीट माहीत आहेत, तुम्ही नाशिक, संभाजीनगर, पनवेल काहीही घ्या, पद्धत तीच.

सुरुवात जनगणनेपासून करा. जनगणनेच्या साईटवर प्रत्येक जिल्ह्याची जनगणना पुस्तिका फुकट मिळते. त्यात शहराचा आकडा बघत बसू नका, तुमचा भाग आधी ज्या गावात होता त्या गावाचं नाव शोधा. प्रत्येक दशकाची लोकसंख्या एका कागदावर खाली खाली लिहा आणि उडी कुठे आहे ते बघा. पिंपरी-चिंचवड १९९१ ला ५ लाखांच्या आसपास, २००१ ला १० लाख, २०११ ला १७ लाखांच्या वर. आता हे आकडे बघून माणूस लगेच निष्कर्ष काढतो आणि तिथेच फसतो, कारण हद्द बदललेली असते. पुणे महापालिका १९९१ ला साडेपंधरा लाखांची होती ती २००१ ला २५ लाखांची झाली, पण मध्ये १९९७ ला ३८ गावं हद्दीत घेतलेली (त्यातली काही नंतर पूर्ण किंवा थोडी वगळली). म्हणजे त्या वाढीतली बरीच माणसं कुठून आलीच नव्हती, घरीच बसली होती, कागदावर पुणेकर झाली. नंतर २०१७ ला ११ आणि २०२१ ला २३ गावं घेतली, पुढच्या आकड्यांतही हे दिसणारच. त्यामुळे आकड्याशेजारी हद्दवाढीचं साल लिहिल्याशिवाय पुढे जायचं नाही.

अजून एक, जनगणनेत शहर ठरवायचे निकष वेगळे आहेत. वस्ती किमान ५,०००, दर चौरस किलोमीटरला किमान ४०० माणसं आणि मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेर, एवढं जुळलं की ते गाव जनगणनेत नगर म्हणून मोजतात, मग तिथे ग्रामपंचायत का असेना. इमारती पंधरा मजली आणि कारभार ग्रामपंचायतीचा, ही अवस्था इथूनच येते. ड्रेनेज, कचरा, अग्निशमन, कशालाच पुरेसा पैसा नाही, माणसंही नाहीत. २०११ ला देशात असली नगरं ३,८०० च्या वर होती, २००१ ला १,४०० सुद्धा नव्हती.

स्थलांतराचे तक्तेही त्याच साईटवर आहेत, त्यात लोकांनी जागा का बदलली त्याची कारणं आहेत, काम, धंदा, शिक्षण, लग्न, कुटुंबासोबत. बायकांमध्ये सगळ्यात मोठं कारण लग्न निघतं. सासरी आलेल्या बाईला आपण लोंढा म्हणणार का?

आता जमीन. खरी गोष्ट इथे आहे, वेळ इथे घालवा. महाभूलेख या सरकारी साईटवर सातबारा बघता येतो, सिटी सर्व्हे झाला असेल तर मिळकत पत्रिका, आणि काही जिल्ह्यांची जुनी कागदपत्रं स्कॅन करून सरकारने ऑनलाईन टाकलीत, नसतील तर तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज करून नक्कल काढा. सर्वात महत्त्वाचे फेरफार, म्हणजे जमीन कुणाच्या नावावरून कुणाच्या नावावर गेली त्याच्या नोंदी. एका गटाचे (नंबर दिलेल्या जमिनीच्या तुकड्याचे) जुने फेरफार सालाप्रमाणे लावले की साधारण अशी रांग दिसते: आधी वारस नोंद, मग वाटणी, बहिणींचं हक्कसोड, मग गुंठ्यागुंठ्याची खरेदी, कुठे भूसंपादन, शेवटी बिगरशेती. चार एकर असलेल्या माणसाला चार मुलगे, प्रत्येकाच्या वाट्याला एक एकर म्हणजे ४० गुंठे. त्यावर घर चालत नाही, विहिरीचं पाणी आटलेलं, पोराला शेती करायची नाही, आणि दारात गुंठ्याचा भाव सांगणारा एजंट उभा. बाराच्या जुन्या उताऱ्यावर पिकाचा रकाना बघा, ज्वारी, हरभरा, कुठे ऊस, मग काही वर्षं नुसतं ‘पड’. पड लागली ते साल लिहून ठेवा, जमिनीच्या विक्रीची तयारी बऱ्याचदा तिथून सुरू झालेली असते.

यातून पुढचा परिणामही कळतो. तुकडेबंदीमुळे (शेतजमिनीचे फार छोटे तुकडे करून विकायला बंदी घालणारा कायदा) गुंठा-दोन गुंठ्याची रजिस्ट्री सरळ होत नव्हती, म्हणून लोकांनी साध्या स्टँप पेपरवर, नोटरी करून जागा घेतल्या. लेआऊट मंजूर नाही म्हणजे रस्ता सोडलेला नाही, गल्ली आठ फुटांची, अँब्युलन्स आत जात नाही. सरकारने २००१ ला गुंठेवारी नियमित करायचा कायदा केला, पुढे त्याची मुदत २०२० अखेरपर्यंतच्या बांधकामांना वाढवली, पण कागद नियमित झाला म्हणून गल्ली रुंद होत नाही. याच्या उलट मगरपट्टा बघा, तिथे शंभरावर शेतकरी कुटुंबांनी साधारण ४०० एकर जमीन विकून न टाकता एकत्र केली आणि स्वतः टाऊनशिप उभी केली. दबाव तोच होता, पण जमीन कुणाच्या हातात राहिली यावर पुढचं सगळं ठरलं. माझं ठाम मत आहे की शहर वाईट वाढतं ते माणसं जास्त झाली म्हणून नाही, आधी घरं होतात आणि प्लॅन नंतर येतो म्हणून.

मग कॉम्प्युटरवर गुगल अर्थ प्रो उघडा, वर घड्याळाचं चिन्ह आहे ते दाबलं की जुने उपग्रह फोटो दिसतात. पुण्याच्या आसपास २००० नंतरचे बऱ्यापैकी स्पष्ट आहेत, त्याआधीचे धुरकट, त्यासाठी गुगल अर्थचं टाइमलॅप्स बघा (सालोसालचे फोटो जोडलेली फिल्म), ते १९८४ पासून आहे. एकाच जागेचे पाच-पाच वर्षांनी स्क्रीनशॉट घ्या आणि आधी काय आलं एवढंच बघा, रस्ता, कारखाना की घरं. पिंपरीत आधी कारखाना आला, हिंदुस्तान अँटिबायोटिक्स १९५४ ला, मग १९६२ ला एमआयडीसी (राज्य सरकारचं औद्योगिक विकास महामंडळ) स्थापन झाली, त्याच सुमारास टेल्को (आताची टाटा मोटर्स), बजाज आले, नगरपालिका १९७० ला, महापालिका १९८२ ला. कामगार आधी आला, त्याचं गटार नंतर. हिंजवडीला आयटी पार्क पण एमआयडीसीनेच केलं, पण कामगारांच्या घरांची सोय आजूबाजूच्या गावांच्या अंगावर पडली. तरी चैत्र पौर्णिमेला ग्रामदैवत म्हातोबाचं बगाड (जत्रेतला लाकडी गाडा) हिंजवडीहून वाकडला निघतं तेव्हा जुनं गाव कुठून कुठे होतं ते रस्त्यावर दिसतं, जमलं तर त्या दिवशी जाऊन बघाच.

फोटोत शेताच्या मधून जाणारी हिरवी वाकडी रेघ दिसली तर तो ओढा. नवीन फोटोत ती कुठे तुटते ते बघा आणि पावसाळ्याआधी तिथे पायी जा. पाईप टाकलाय का, किती रुंदीचा, वर पार्किंग आहे का, भिंत कुणाची, सगळ्याचे फोटो. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला, कात्रजपासून अरण्येश्वर, टांगेवाले कॉलनी, पुढे दांडेकर पुलापर्यंत पाणी घरात घुसलं आणि पुणे परिसरात वीसच्या वर माणसं गेली. पाऊस मोठा होता हे खरं, पण पाण्याला जायला जागा किती ठेवली होती हा प्रश्न त्याआधीचा आहे. वर सगळं काँक्रीट झालं की पाणी मुरत नाही, त्यामुळे ज्या भागात जुलैमध्ये तळघरात पाणी शिरतं तिथेच मार्चमध्ये टँकर येतो. बोअरची खोली विचारा, सोसायटीच्या वॉचमनला, बोअर मारणाऱ्या गाडीवाल्याला, वीस वर्षांपूर्वी किती फुटांवर पाणी लागायचं आणि आता किती.

शेवटी माणसांशी बोला, आणि दोन्हीकडच्या. गावठाणातल्या पारावर म्हातारी माणसं भेटतात, त्यांना ‘पूर्वी कसं होतं’ असं मोघम विचारलं तर आठवणीच मिळतील, त्याऐवजी पहिली जमीन कुणी कधी विकली, पहिली एसटी किंवा पीएमटी (पुण्याची सिटी बस) कधी आली, विहिरीचं पाणी प्यायचं कधी बंद केलं, असं विचारा. आणि भाड्याच्या खोल्यांत राहणाऱ्यांना विचारा गाव का सोडलं. लातूर, बीड, धाराशिवकडची घरं सापडतील, काहींची पहिली पिढी १९७२ च्या दुष्काळात आलेली असेल, काही अगदी अलीकडे. कुणाचं नाव, गट नंबर सोशल मीडियावर टाकू नका, जमिनीचे वाद असतात घराघरात.

हे सगळं एका सालवारीत लावलंत की विकास आराखड्याच्या (कुठे रस्ता, कुठे घरं, कुठे मोकळी जागा हे ठरवणारा शहराचा प्लॅन) वेळी उपयोगी पडतं. आराखड्याचा मसुदा जाहीर झाला की हरकती-सूचनांसाठी ठरावीक मुदत असते, ती उलटली की कुणी ऐकत नाही. ‘आमच्या भागात पाणी तुंबतं’ एवढंच लिहिलेली हरकत सुनावणीत दोन मिनिटांत संपते. ओढ्याचा जुना फोटो, नवा फोटो, सर्व्हे नंबर, पाईपची रुंदी आणि पूर आला ती तारीख असं जोडलेलं असेल तर अधिकाऱ्याला ती हरकत सहज उडवून लावता येत नाही, आणि अर्जाच्या प्रतीवर आवकचा शिक्का घेतल्याशिवाय तिथून हलू नका.