दोन युद्धनौकांची तुलना करायची तर आधी एक वही घ्या

माझा भाचा पुण्यात आयटीत आहे. शनिवारी रात्री त्याचं एक चित्र हमखास येतं. डावीकडे आपली विशाखापट्टणम, उजवीकडे चीनची टाइप ०५५, खाली आकड्यांची उतरंड आणि वर मोठ्या अक्षरांत ‘कोण भारी?’ त्याखाली त्याचं ठरलेलं वाक्य, ‘मामा, बोल.’

मी मुंबईच्या गोदीत ३१ वर्षं काढली, पण पंप आणि कूलरच्या कामात. म्हणजे जहाजाच्या पोटात, जिथून समुद्र दिसत नाही. तोफा-क्षेपणास्त्रांचं जे कळतं ते वाचून आणि डब्याच्या सुट्टीत ऐकून. तरी आकडे कसे वाचावेत आणि कशावर भुलू नये, एवढं सांगू शकतो. भाच्याला म्हटलं, दोनशे पानी वही घे. डावं पान एका जहाजाला, उजवं दुसऱ्याला.

पहिला रकाना कामाचा. तिथे ‘डिस्ट्रॉयर’ (विनाशिका), ‘फ्रिगेट’ (सहसा तिच्याहून लहान) लिहायचं नाही, कारण हे शब्द प्रत्येक देश आपापल्या सोयीनं वापरतो. जपानची इझुमो २४८ मीटर लांब, सपाट डेकची, बघताक्षणी विमानवाहू वाटावी अशी. इंग्रजीत तिला डिस्ट्रॉयरच म्हणत आले. जर्मनीची बाडेन-व्युर्टेम्बर्ग सात हजार टनांची, तर ती फ्रिगेट. आपली विशाखापट्टणम ७,४०० टनांची, ती डिस्ट्रॉयर. या जर्मन जहाजाची चित्रांमध्ये फार टिंगल होते, कारण एवढ्या मोठ्या जहाजावर क्षेपणास्त्रांच्या उभ्या नळ्या एकही नाहीत. आपल्याकडे लांबवरच्या विमानविरोधी बराकसाठी ३२ आणि ब्रह्मोससाठी १६. मग जर्मन मूर्ख आहेत का? कामाचा रकाना भरला की कळतं. ते जहाज घरापासून लांब, चाच्यांवर लक्ष ठेवण्यासारख्या कामाला, दोन-दोन वर्षं बाहेर राहण्यासाठी बांधलंय. माणसं साधारण १२०, तीही चार-चार महिन्यांनी अख्खी बदलायची, जहाज तिथेच. आपल्याकडे माणसं तीनशेच्या आसपास. बैल आणि म्हैस शेजारी बांधून दूध मोजण्यातला प्रकार आहे हा.

दुसरं, एकक. यात मी स्वतः आपटलोय. डोंबिवलीहून सुटणाऱ्या सकाळच्या लोकलमध्ये आमचा एक ग्रुप होता. तिथे एकदा मी छातीठोकपणे सांगितलं की अमेरिकेच्या हार्पून क्षेपणास्त्राचा पल्ला जेमतेम ६७ किलोमीटर, आपल्या ब्रह्मोसचा २९०. एक जण शांतपणे म्हणाला, ‘अहो, ते ६७ सागरी मैल आहेत, आणि ‘६७ पेक्षा जास्त’ असं लिहिलंय.’ एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर, म्हणजे १२४ किलोमीटरच्या पुढे. ठाणे येईपर्यंत मी खिडकीबाहेर बघत होतो. वजनाचंही तसंच. कुणी रिकाम्या जहाजाचं लिहितो, कुणी तेल, पाणी, दारूगोळा भरून. आकड्यापुढे ‘भरलेलं’ की ‘रिकामं’ हे लिहिलं नसेल तर तो आकडा वहीत घेऊच नका.

२९० हा आकडाही जरा उलटून बघा. तो यंत्राची ताकद सांगत नाही, करार सांगतो. क्षेपणास्त्रांच्या निर्यातीवर बंधन घालणाऱ्या देशांच्या गटाची रेघ ३०० किलोमीटरवर आहे, म्हणून रशियाबरोबर बनवलेलं ब्रह्मोस त्याच्या आत ठेवलं. जून २०१६ मध्ये भारत त्या गटात गेला आणि २०१७ मध्ये वाढीव पल्ल्याची चाचणीही झाली.

नळ्यांचा रकाना पटकन भरा आणि पुढे जा. टाइप ०५५ वर ११२, अमेरिकेच्या बर्क वर्गाच्या नंतरच्या जहाजांवर ९६, कोरियाच्या सेजोंगवर १२८. ब्रिटिशांच्या टाइप ४५ वर ४८. पण अमेरिकी नळीत एक मोठं क्षेपणास्त्र बसतं किंवा चार छोटी. शिवाय काही नळ्यांत जमिनीवर मारा करणारी, काहींत पाणबुडीविरोधी. नळी हे कपाट आहे. आत काय ठेवलंय ते निघताना ठरतं आणि ते कुणी चित्रात छापत नाही.

आता ज्या रकान्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो तो. पृथ्वी गोल आहे आणि क्षेपणास्त्र लाटांवरून येतं. रडारची उंची मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा. क्षेपणास्त्राच्या उंचीचंही काढा. दोन्हींची बेरीज करून ४.१२ नं गुणा, किलोमीटर येतात. रडार २५ मीटरवर, क्षेपणास्त्र ४ मीटरवर: ५ अधिक २, सात. सात गुणिले ४.१२, साधारण २९ किलोमीटर. कितीही महाग रडार लावा, लाटांवरून येणारं ते क्षेपणास्त्र जहाजाला याच्या आधी सहसा दिसणार नाही. ते ध्वनीच्या वेगापेक्षा थोडं हळू, सेकंदाला ३०० मीटरनं येत असेल तर हातात ९७ सेकंद. ध्वनीच्या दुप्पट वेगाचं असेल तर ४३. घरी गॅसवर दूध ठेवून घड्याळ लावून बघा, ४३ सेकंद म्हणजे किती ते.

म्हणूनच ‘यंत्रणा आहे’ आणि ‘यंत्रणा चालू होती’ हे दोन वेगळे रकाने ठेवा. जुलै २००६ मध्ये लेबनॉनच्या किनाऱ्यासमोर इस्रायलच्या हनित जहाजावर येणारं क्षेपणास्त्र पाडणारं बराक होतं, पण चालू नव्हतं. क्षेपणास्त्र लागलं, चार जण गेले.

आणि लहान म्हणून कुणाला वगळू नका. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री निपात, निर्घात आणि वीर या आपल्या तीन बोटी कराचीवर गेल्या. प्रत्येकी दोनशे टनांच्या आसपास आणि प्रत्येकीवर चार स्टिक्स क्षेपणास्त्रं. पाकिस्तानची खैबर ही कितीतरी पटीनं मोठी विनाशिका त्यांनी बुडवली. मात्र वहीत हेही लिहा की सोबतीला किल्टन आणि कच्छल होत्या आणि तेल द्यायला ‘पोषक’ नावाचं जहाज होतं. बोट एकटी मोजली की हिशेब चुकतो.

आता माझं खातं. जहाजावरचं जवळपास सगळं, म्हणजे इंजिन, जनरेटर, एसी, रडारसुद्धा, शेवटी समुद्राच्या पाण्यावर थंड होतं. कूलरचं झाकण उघडलं की आधी वास येतो, कुजलेल्या शिंपल्यांचा. मग दिसतात शेकडो बारीक नळ्या, निम्म्यांच्या तोंडाशी काळा गाळ. गंज स्वतःवर घ्यायला लावलेले झिंकचे गोळे झिजून बोराएवढे झालेले. मे महिन्यात मुंबईचं पाणी तिशीच्या घरात असतं. त्यात असा कूलर म्हणजे तापलेल्या माणसाला कोमट पाण्याची पट्टी. म्हणून दुसऱ्याच्या जहाजाबद्दल वाचताना मी विचारतो, हे कुठल्या पाण्यासाठी बांधलंय?

टाइप ४५ चं तेच झालं. सॅम्पसन रडार आणि ॲस्टर क्षेपणास्त्रं, विमानविरोधी लढाईत जगात पहिल्या फळीची. पण तिच्या गॅस टर्बाइनचा इंटरकूलर गरम हवा-पाण्यात दमायचा, टर्बाइन बंद पडायची आणि अख्ख्या जहाजाची वीज जायची. शेवटी जहाजं कापून आत नवीन, मोठे डिझेल जनरेटर बसवायचं काम काढावं लागलं. सहा जहाजं आहेत, पण पहिलं डेअरिंग २०१७ पासून कित्येक वर्षं समुद्रावर गेलंच नाही. त्यामुळे माझा शेवटचा रकाना ‘आज किती बाहेर?’ हा. आमच्याकडे अंदाज साधा: तीनांतलं एक समुद्रावर, एक सरावात, एक रिफिटला, म्हणजे मोठ्या दुरुस्तीला. संख्येला तिनानं भागा आणि मग चित्राकडे बघा.

विमानांना हीच वही चालते, फक्त विमान एकटं मोजायचं नाही, ते ज्या डेकवरून उडतं तो डेक मोजायचा. आपली विक्रांत आणि फ्रान्सची शार्ल द गोल घ्या. लांबी जवळजवळ सारखी, २६२ आणि २६१ मीटर, वजनंही एकमेकांच्या आसपास. पण फ्रेंचांकडे वाफेची कॅटापल्ट, म्हणजे विमानाला गलोलीसारखं फेकतात. आपल्याकडे पुढे वर उचललेला उतार, विमानानं स्वतःच्या जोरावर उडायचं. तेच राफेल मरीन दोन्हीकडे असलं तरी तेल आणि शस्त्रं मिळून सारखं वजन घेऊन निघेलच असं नाही. उतारावरून ते उडतं का, हे जानेवारी २०२२ मध्ये गोव्यात हंसा तळावर तपासलं. एप्रिल २०२५ मध्ये २६ विमानांचा करार झाला.

मोठा फरक मात्र लढाऊ विमानात नाही. कॅटापल्टमुळे फ्रेंच हॉकआय हे रडारवालं विमान नेतात. आपण कामोव्ह-३१ हेलिकॉप्टर नेतो. मघाचंच गणित लावा. हेलिकॉप्टर २,५०० मीटरवर: ५० अधिक २, म्हणजे २१४ किलोमीटर. हॉकआय ८,१०० मीटरवर: ९० अधिक २, म्हणजे ३७९. पण फ्रान्सकडे असं जहाज एकच. २०१७-१८ मध्ये ते दीड वर्ष कामाला काढलं, तेव्हा बाहेर शून्य. आपल्याकडे विक्रमादित्यही आहे.

गेल्या शनिवारी भाच्यानं चित्राऐवजी वहीच्या पानाचा फोटो पाठवला. अक्षर अजून कोंबडीचे पाय. खाली तक्रार, ‘मामा, ‘आज किती बाहेर’ हा रकाना सारखा खोडावा लागतो, कागद फाटला.’

त्याला लिहिलं, तो पेन्सिलीनं भर.