दोघांसाठी किंवा लहान कुटुंबासाठी ट्रेलर-घर कसं निवडावं : बेळगाव भागातल्या रस्त्यांचा विचार करून

बेळगाव-खानापूर-निपाणी पट्ट्यात राहणाऱ्याला भटकायला लांब जावं लागत नाही. चोर्ल्यातून उतरलं की गोवा, आंबोलीतून उतरलं की कोकण, आणि हायवे धरला की हिडकल किंवा कित्तूर. गाडीमागे जोडून न्यायचं छोटं ट्रेलर-घर घ्यावंसं वाटतं ते यामुळेच. पण बहुतेक जण आतला पलंग आणि पडदे पाहून ट्रेलर पसंत करतात आणि तो ओढणाऱ्या गाडीचा विचार नंतर करतात. सुरुवात गाडीपासून करा.

आधी वजन. आपल्या गाडीचं मॅन्युअल काढा आणि ती किती किलो ओढू शकते ते पाहा. ब्रेक असलेल्या ट्रेलरसाठी एक आकडा असतो आणि बिनब्रेकच्या ट्रेलरसाठी त्याहून कमी. आकडाच दिलेला नसेल, तर त्या गाडीला हूक लावू नका, मेकॅनिक काहीही म्हणो. ब्रिटनमध्ये नवख्यांना सांगतात की भरलेल्या ट्रेलरचं वजन गाडीच्या स्वतःच्या वजनाच्या 85 टक्क्यांपुढे जाऊ देऊ नये. म्हणजे 1,300 किलोच्या गाडीमागे फार तर 1,105 किलो, तेही मॅन्युअलमध्ये तेवढी मुभा असेल तर. आपल्याला घाट चढायचे आहेत, त्यामुळे मी याच्याही बरंच खाली राहीन.

इथे ‘भरलेल्या’ हा शब्द महत्त्वाचा. विकणारा रिकामं वजन सांगतो. त्यात 50 लिटर पाणी भरलं की 50 किलो वाढतात. मग सिलिंडर, बॅटरी, गाद्या, भांडी, खुर्च्या आणि लेकरांच्या सायकली. दीडशे किलो कधी चढले ते कळतही नाही. आपल्याकडे उसामुळे गावोगावी वजनकाटा आहे. सौदा करण्याआधी ट्रेलर काट्यावर चढवा आणि पावती हातात घ्या.

मग भार कुठे आहे ते पाहा. उसाची बैलगाडी भरताना मोळ्या मागे जास्त पडल्या की गाडी उलाळ होते आणि जू वर उचलतं. पुढे जास्त पडल्या तर बैलांच्या मानेवर येतं. ट्रेलरचंही तसंच. हुकावर पडणारा भार युरोपात एकूण वजनाच्या 5 ते 7 टक्के ठेवतात, अमेरिकेत 10 ते 15 टक्के. त्यांचे ट्रेलर आणि हूक वेगळे, म्हणून ट्रेलर बनवणाऱ्याने दिलेला आकडा धरा आणि गाडीच्या हुकाची मर्यादाही तपासा. 800 किलोच्या ट्रेलरला 7 टक्क्यांनी 56 किलो होतात. हे घरच्या वजनकाट्यावर मोजता येतं : सपाट जागी, चाकांना उटी (चाक सरकू नये म्हणून पाचर) लावून, हुकाच्या उंचीचा लाकडी ठोकळा काट्यावर उभा करायचा आणि त्यावर ट्रेलरचं तोंड टेकवायचं.

उलाळ ट्रेलर वेगात शेपटीसारखा झुलू लागतो. तसं झालं तर स्टिअरिंग सरळ धरा, अॅक्सिलरेटरवरून पाय काढा, जोरात ब्रेक मारू नका. ट्रेलर पाहायला जाल तेव्हा पाण्याची टाकी आणि बॅटरी कुठे बसवली आहे ते वाकून बघा. दोन्ही अगदी मागे असतील तर तो ट्रेलर सोडून द्या.

ब्रेक. युरोपात 750 किलोंपुढच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक सक्तीचे आहेत. चोर्ला उतरायचा असेल तर त्याहून हलक्यालाही असावेत असं माझं ठाम मत आहे. साध्या रचनेत गाडी मंदावली की ट्रेलर पुढे रेटतो आणि त्या रेट्यानेच त्याचे ब्रेक लागतात. तरी घाटात गिअर खालचाच ठेवा, नाहीतर ब्रेक तापतात.

आता आतली जागा. दोघंच असाल तर थेंबाच्या आकाराचा छोटा ट्रेलर पुरतो. आत फक्त पलंग असतो आणि मागचं झाकण उचललं की स्वयंपाकाचा ओटा. मात्र आत उभं राहता येत नाही आणि पावसात चहा करणारा भिजतो. लेकरं असतील तर उभं राहता येईल असा, टेबल मोडून पलंग होणारा ट्रेलर लागतो. त्यातही मोठ्यांचा पलंग कायमचा असावा. मूल नऊला झोपलं आणि टेबलाचाच पलंग झाला, की आईवडिलांना बसायला जागा उरत नाही.

हे कळायला एक सोपा उपाय आहे. ट्रेलरची मापं घेऊन गच्चीवर खडूने आखा. पलंग, ओटा, दार, सगळं. मग संध्याकाळी घरच्या सगळ्यांनी त्या रेघांच्या आत जेवायचं, अंथरूण घालायचं, एकाने मधेच उठून बाहेर जायचं. तासाभरात कुणाला काय अडतं ते समोर येतं. चालत्या ट्रेलरमध्ये कुणीही बसायचं नाही, म्हणून गाडीत प्रत्येकाला बेल्टची सीट आहे ना, तेही मोजा.

पाऊस. कापडी भिंतींचा, उघडमीट करणारा ट्रेलर हलका असतो, पण जांबोटी-कणकुंबीच्या पावसात भिजलेलं कापड तसंच मिटलं की बुरशी धरते. फायबरचे दोन अर्धे जोडून केलेला ट्रेलर आपल्याला बरा, कारण सांधे कमी. जुना घेत असाल तर गाद्या उचलून कोपरे दाबून पाहा. लाकूड मऊ लागलं तर पाणी आत मुरलंय. छताला हवेची खिडकी हवीच, नाहीतर श्वासाच्या वाफेने सकाळी भिंती ओल्या होतात.

कागद. मोटार वाहन कायदा, 1988 नुसार ट्रेलर हेही वाहनच आहे, त्यामुळे त्याची वेगळी नोंदणी पाहा. कोल्हापूरकडून एमएच 09 चा घेतलात आणि इकडे 12 महिन्यांपेक्षा जास्त ठेवलात, तर कर्नाटकचा नंबर घ्यावा लागतो. विमा कंपनीकडून गाडी आणि ट्रेलर जोडलेले असताना काय भरपाई मिळते, ते लेखी घ्या. आणि तुमच्या गल्लीत तो वळेल का, हे दोरी धरून मोजा.

पहिली रात्र आपल्याच अंगणात काढा. पहिली सफर हायवेने हिडकलला, चोर्ल्याला नंतर. परत आलात की ज्या वस्तूंना हातही लागला नाही त्या उतरवा आणि ट्रेलर पुन्हा एकदा काट्यावर घ्या.