मेल सर्व्हर रीबूट करण्याआधी हाताशी काय असावं

कर्नलचं, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचं, अपडेट आलंय, शनिवारी रात्री मेल सर्व्हर रीबूट करायचाय, आणि मागच्या खेपेला सगळ्या सर्व्हिस वर यायला फार वेळ लागला होता. तो वेळ कुठे गेला हे शोधायचं असेल, तर निम्मी तयारी रीबूटच्या आधीच करावी लागते. इथे मी लिनक्सवरचा नेहमीचा संच धरतो: मेलची ने-आण करणारा पोस्टफिक्स, मेलबॉक्स उघडून देणारा डोव्हकॉट, मेल तपासायला पाठवणारा अमाविस आणि व्हायरस शोधणारा क्लॅमएव्ही.

आधी लॉग, म्हणजे सिस्टिमच्या नोंदी. व्हार-लॉग (/var/log) च्या आत जर्नल नावाची डिरेक्टरी आहे का ते बघा. सगळ्या सर्व्हिस सुरू करणाऱ्या सिस्टिमडीच्या ‘ऑटो’ सेटिंगमध्ये ती नसेल, तर जर्नल, म्हणजे त्याची नोंदवही, नुसता मेमरीत राहतो आणि रीबूट झाला की गेला. डिरेक्टरी असेल तर मागच्या बूटची नोंद सेकंदासकट वाचता येते. मग आत्ताच सिस्टिमडी-अ‍ॅनालाइझ ब्लेम आणि क्रिटिकल-चेन या दोन्ही कमांडचा निकाल (कुठल्या सर्व्हिसला किती वेळ लागला, आणि कोण कुणासाठी थांबलं) फाइलमध्ये ठेवा, म्हणजे रविवारी सकाळी तुलनेला काहीतरी असेल. ब्लेममध्ये सगळ्यात वर दिसणारं नाव दोषी असतंच असं नाही. ती सर्व्हिस दुसऱ्या कुणाची तरी वाट बघत बसलेली असू शकते.

माझ्या अनुभवात ही वाट बहुतेक वेळा डीएनएसची, म्हणजे नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या यंत्रणेची, असते. रिझॉल्व्ह-कॉन्फ या फाइलमधला पहिला नेमसर्व्हर (डीएनएसची उत्तरं देणारा सर्व्हर) मेलेला असेल, तर प्रत्येक चौकशी 5 सेकंद थांबते आणि मगच दुसऱ्याकडे वळते. सुरू होताना एखादी सर्व्हिस अशा पाच-सहा चौकश्या करत असेल, तर अर्धं मिनिट तिथेच जातं, आणि प्रोसेसर मात्र रिकामा असतो. म्हणून त्यातला प्रत्येक पत्ता डिग कमांडने आधी एकेक तपासा. सर्व्हरचं पूर्ण नाव, डोमेनसकट, होस्ट्स फाइलमध्ये (नावं आणि पत्त्यांची स्थानिक यादी) आहे ना तेही बघा. सेंडमेल या जुन्या मेल प्रोग्रामला स्वतःचं पूर्ण नाव सापडलं नाही, की तो मिनिटभर झोपून पुन्हा प्रयत्न करायचा. बूट अडकलं असं वाटायचं, आणि कारण होस्ट्स फाइलमधली एक ओळ. मेल सर्व्हरवर ब्लॉकलिस्ट (स्पॅम पाठवणाऱ्या पत्त्यांची यादी) तपासण्यासाठी अनबाउंडसारखा स्वतःचा रिझॉल्व्हर, म्हणजे डीएनएसच्या चौकश्या करणारा प्रोग्राम, चालवतात. तसा असेल तर तो मेलच्या सर्व्हिसआधी सुरू होतो का, हे मेल सर्व्हिसच्या युनिट फाइलमधल्या (सिस्टिमडीसाठीची त्या सर्व्हिसची सेटिंग फाइल) आफ्टर या ओळीवरून खात्री करून घ्या.

दुसरा मोठा मानकरी क्लॅमएव्ही, आणि त्याची तऱ्हा नेमकी उलट. तो खरंच कामात असतो. लाखो सिग्नेचर (व्हायरसच्या ओळखखुणा) मेमरीत चढवायला त्याला वेळ लागतो आणि 1 जीबीहून जास्त रॅम लागते. रॅम अपुरी असली की स्वॅप, म्हणजे रॅमऐवजी डिस्कचा वापर, सुरू होतो आणि मिनिटभराचं काम कितीतरी लांबतं. त्यामुळे मोकळी रॅम दाखवणाऱ्या फ्री कमांडचा आकडा आजच टिपून ठेवा. क्लॅमएव्हीच्या 0.103 आवृत्तीपासून सिग्नेचर बदलताना जुना आणि नवा संच थोडा वेळ एकत्र मेमरीत असतो, हेही हिशेबात धरा. सिस्टिमसीटीएल (सिस्टिमडीची कमांड) ‘रनिंग’ म्हणतं तेव्हा क्लॅमडी, म्हणजे क्लॅमएव्हीची सर्व्हिस, अजून सिग्नेचरच वाचत असू शकतो. त्याला पिंग पाठवून पाँग आला, तरच तो तयार आहे असं समजा.

डिस्क भरलेली नाही ना, हे बघताना आयनोडही (डिस्कवर किती फाइल मावतात त्याची मर्यादा) बघा, कारण मेलडिर या साठवण-पद्धतीत प्रत्येक मेलची वेगळी फाइल असते. कन्सोलचा (थेट मशीनच्या स्क्रीन-कीबोर्डचा) पासवर्ड चालतो का हे दिवसाउजेडीच लॉगिन करून बघा. लांबून लॉगिन करण्याचं एसएसएच वर आलं नाही तर तोच एक दरवाजा उरतो.

रीबूटनंतर सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सिग्नेचर वाचणाऱ्या सर्व्हिसला पुन्हा रीस्टार्ट देऊ नका. मी एकदा घाईत तीनदा दिला होता, आणि तिन्ही वेळा वाचन पहिल्यापासून सुरू झालं. आधी टॉप (कुठला प्रोग्राम किती काम करतोय ते दाखवणारी कमांड) उघडा. प्रोसेसर किंवा डिस्क राबत असेल तर थांबा. सगळं शांत असेल तर डीएनएसकडे जा. सिस्टिमडीची मूळ मुदत 90 सेकंदांची आहे. जी सर्व्हिस ‘मी तयार’ असं कळवेपर्यंत सिस्टिमडी थांबतो, तिने ही मुदत ओलांडली की तो तिला मारतो. जर्नलमध्ये टाइमआउट दिसला, तर सिस्टिमसीटीएल एडिटने टाइमआउट-स्टार्ट-सेक वाढवा.

मेल हरवतील ही धास्ती नको. पाठवणारा सर्व्हर सहसा काही दिवस प्रयत्न करत राहतो. पोस्टफिक्सची स्वतःची मुदतही 5 दिवसांची आहे. पण पोस्टफिक्स चटकन वर येतो आणि अमाविस मागे राहतो, तेव्हा अमाविसच्या 10024 पोर्टवर कुणीच नसतं आणि आलेल्या मेल डिफर्ड रांगेत, म्हणजे नंतर पुन्हा प्रयत्न करायच्या रांगेत, जातात. पुढचा प्रयत्न किमान 300 सेकंदांनी होतो, नंतर हे अंतर 4000 सेकंदांपर्यंत वाढतं. ‘सर्व्हर चालू आहे पण मेल येत नाही’ असे फोन यातूनच येतात. म्हणून पाँग आला आणि 10024 वर उत्तर मिळालं, की रांगेतल्या मेल लगेच पाठवायला लावणारी पोस्टक्यू-एफ (postqueue -f) चालवा आणि मेलक्यू (mailq) कमांडमध्ये रांग रिकामी दिसेपर्यंत बसून राहा. मग बाहेरच्या खात्यावरून एक मेल स्वतःला पाठवा आणि ती पोचल्याची वेळ त्याच फाइलमध्ये, ब्लेमच्या निकालाखाली, लिहून ठेवा.